आर्थर रोड आणि देवगावचा नाईक

चिंचपोकळीहून सात रस्त्याला जायचं असलं की टॅक्सीवाल्याला आपण आजही 'आर्थर रोडने घ्या' असंच सांगतो. रस्त्याला साने गुरुजींचं नाव दिल्याला कित्येक वर्षं झाली, पण लालबाग-परळच्या जिभेवरून जुनं नाव गेलेलं नाही. तिथल्या तुरुंगामुळे ते आता साऱ्या देशाला पाठ झालं आहे. हा आर्थर म्हणजे सर जॉर्ज आर्थर, 1842 ते 1846 या काळातला मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. त्या वेळच्या गव्हर्नरांचा सरकारी वाडा परळला होता. 1899 पासून त्याच वाड्यात हाफकिनची प्रयोगशाळा आहे. केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांकडे धावपळ करणारे हजारो लोक रोज त्या भागातून जातात. सह्याद्रीतल्या एका नाईकाविरुद्ध फौज धाडणाऱ्या सरकारचा प्रमुख तिथे राहत होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

तो नाईक म्हणजे अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. त्यांच्याबद्दल लिहिण्याआधी आर्थरसाहेबांची मागची नोकरी पाहिली पाहिजे, कारण मुंबईच्या इतिहासाची पुस्तकं ती एका ओळीत उरकतात.

1824 ते 1836 अशी बारा वर्षं आर्थर व्हॅन डीमन्स लँडचा, म्हणजे आजच्या टास्मानिया बेटाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. इंग्लंडहून आलेले गोरे वसाहतवाले तिथे मेंढ्यांचे कळप घेऊन आत आत सरकत होते. ज्या माळांवर मूळ रहिवासी कांगारूंची शिकार करून जगत, त्या माळांना कुंपणं पडली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. 1828 मध्ये आर्थरने लष्करी कायदा पुकारला. 1830 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर त्याने सैनिक, वसाहतवाले आणि कैदी मिळून सुमारे 2200 माणसांची रांग बेटावर आडवी उभी केली. रानात हाका घालून जनावरं पुढे रेटावीत तशी ही रांग मूळ रहिवाशांना एका कोपऱ्याकडे रेटत निघाली. इतिहासात तिला 'काळी रेषा' म्हणतात. हाती लागले दोन जण, मारले गेले दोन. मोहीम फसली, पण हेतू साधला. उरलेल्यांना पुढच्या काही वर्षांत गोड बोलून, आश्वासनं देऊन फ्लिंडर्स बेटावर नेलं गेलं आणि त्यांतले बहुतेक तिथेच मेले. या लोकांशी सुरुवातीलाच रीतसर तह करायला हवा होता, असं मत आर्थरने पुढे लंडनला कळवलं. तोवर तह करायला माणसंच उरली नव्हती. मग तो कॅनडात गेला. तिथे 1838 मध्ये बंडखोर सॅम्युएल लाउंट आणि पीटर मॅथ्यूज यांच्या दयेसाठी हजारोंच्या सह्यांचे अर्ज आले, तरी त्याने दोघांना फाशी दिली. आणि 1842 मध्ये तो परळला आला.

त्याच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी, 1844 मध्ये, इलाख्यात दोन ठिकाणी भडका उडाला. कोल्हापूरकडे सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी गडाचे दरवाजे लावून घेतले, कारण त्यांच्या चाकरीच्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात गेल्या होत्या. उत्तरेला अकोले, जुन्नरच्या डोंगरांत राघोजी भांगरे उठले. वर्ष एक आणि दुखणंही एकच. गडाची, घाटाची राखण करून पिढ्यान्‌पिढ्या हक्क खाणाऱ्या माणसांना नव्या सरकारने 'तुमची गरज संपली' म्हणून सांगितलं होतं.

मुंबईत कोळी म्हटलं की वरळी, माहीम, कुलाबा डोळ्यांपुढे येतं. महादेव कोळी त्यांच्याहून निराळे. ते डोंगरातले, नाचणी-वरई पिकवणारे, हिरडा वेचणारे. आज अनुसूचित जमातींत त्यांची नोंद आहे. अकोले, इगतपुरी, जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ आणि घाटाखाली शहापूर, मुरबाड हा त्यांचा मुलूख. या तालुक्यांशी आपल्या शहराचं नातं जवळचं आहे. आपले डबेवाले बहुतांशी याच पट्ट्यातून आले, दाणाबंदरात पाठीवर गोणी घेणाऱ्या माथाड्यांतलेही पुष्कळ इथलेच.

या मुलखाचे बावन्न मावळ आणि दर मावळाला एक नाईक, अशी जुनी घडी. नाईक म्हणजे नुसता जमातीचा म्होरक्या नव्हे, ते कामाचं पद होतं. घाटातून माल सुखरूप उतरवायचा, चोरी झाली तर माग काढायचा, माग लागला नाही तर भरपाई करायची, गडावर पहारा द्यायचा. बदल्यात गावोगावचे हक्क, थोडी इनाम जमीन आणि दरबारात मान. निजामशाही आली, मोगल आले, मराठे आले. प्रत्येकाने या नाईकांशी कधी गोडीने, कधी तलवारीने जुळवून घेतलं, कारण रतनगड, हरिश्चंद्रगड, अलंग, कुलंग हे गड आणि नाणेघाट, माळशेजसारख्या वाटा त्यांच्याशिवाय राखता येत नव्हत्या.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारने हा हिशेबच मोडला. गड पुन्हा कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंग-मदनला चढताना जिथे दोर लावावा लागतो तिथे त्या तुटलेल्या कड्यावर हात ठेवला की कंपनीचं धोरण काय होतं ते कळतं. गडच निकामी झाले, तेव्हा गडकऱ्यांचे पगार कशाला? ते कापले, मग बंद केले. काही नाईकांना पोलिसांत शिपाई, जमादार म्हणून घेतलं, म्हणजे कालपर्यंत ज्यांच्या शब्दावर मावळ चाले ते दरमहा पगारावर आले आणि वरच्याची मर्जी फिरली की घरी बसू लागले.

1828 पासून दोन वर्षं पहिला उठाव झाला, तेव्हा मुंबईत गव्हर्नर होता सर जॉन माल्कम. राघोजींचे वडील रामजी भांगरे त्या उठावातले एक पुढारी. रामा किरवे हे दुसरं मोठं नाव. किरवे यांना नगरला फाशी झाली. उठाव मोडून काढायला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश होता. रामोश्यांचे पुढारी उमाजी नाईक यांचा माग काढणारा तोच. उमाजींना 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फासावर चढवलं. या मॅकिन्टॉशने रामोश्यांवर पुस्तक लिहिलं आणि महादेव कोळ्यांवर मोठा निबंध, जो मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीच्या खंडात छापला गेला. ती सोसायटी पुढे एशियाटिकमध्ये मिसळली. कुळं, लग्नं, देव, शपथा, सगळं त्याने बारकाईने टिपलं आहे. वाचताना त्याच्या मेहनतीबद्दल आदर वाटतो आणि अंगावर काटाही येतो. ज्यांना पकडायचं, त्यांची वंशावळ आधी मांडून ठेवायची, असं ते काम आहे.

राघोजींचा जन्म 8 नोव्हेंबर 1805 चा. पेशवाई संपली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. म्हणजे गडावरची चाकरी, घरात येणारा हक्काचा पैसा, वडिलांपुढे उठून उभी राहणारी माणसं हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मग ते एकेक करून जाताना पाहिलं. राजूरच्या बाजूला सांगतात की पोलिसांतल्या ज्या जागेवर त्यांचा हक्क होता ती दुसऱ्याला दिली गेली आणि वर दरोड्याचा आळ आला. ही लोकांच्या तोंडची गोष्ट आहे. पण त्या वेळच्या धोरणाशी ती तंतोतंत जुळते, म्हणून ती मला खोटी वाटत नाही.

पण एका नाईकाचा मान गेला एवढ्यावर सगळा मुलूख त्याच्यामागे उभा राहत नाही. लोक उठले ते सावकाराच्या वहीमुळे.

त्या वहीचं गणित असं. डोंगरातल्या कोळ्याचा हात आषाढात रिकामा असतो. घरातलं धान्य संपलेलं, रोपं लावायची आहेत, बियाणं हवं. तो वाण्याकडून एक मण नाचणी उचलतो. सुगीला ती वाढीदिढीने फेडायची, म्हणजे एकाचे दीड मण, तेही खळ्यावर भाव पडलेला असताना. पूर्वी शेतसारा धान्यात देता येई, पीक बुडालं तर सूट मिळे. कंपनीला सारा रोख रुपयांत हवा होता आणि ठरल्या तारखेला. रुपये होते फक्त सावकाराकडे. मग धान्याच्या कर्जावर साऱ्याचं कर्ज, त्यावर लग्नाचं. लिहिता न येणारा माणूस कागदावर निशाणी करी आणि कागदात काय आहे ते वाचून दाखवी तो सावकारच.

पेशवाईतही सावकार होते, व्याजही जबर होतं. पण वसुलीसाठी त्यांना तगादा लावावा लागे, दारात धरणं धरून बसावं लागे, आणि गावाचा पाटील किंवा नाईक मध्ये पडून तोड काढी. 1827 च्या कायद्यांनंतर सावकाराच्या हाती कोर्ट आलं. कागद दाखवला, हुकूमनामा मिळाला, बेलिफ घेऊन घर-जमीन जप्त. नाईकाला या सगळ्यात जागाच नव्हती. ज्याच्याकडे माणसं गाऱ्हाणं घेऊन येत होती त्याच्याकडे ती अजूनही येत, पण त्याला करता येण्याजोगं काही उरलं नव्हतं.

इथे मला अमेरिकेतल्या एका माणसाची आठवण टाळता येत नाही. मिनेसोटातल्या डकोटा जमातीचा सरदार, त्याचं नाव ताओयाते दुता. गोरे त्याला लिटल क्रो म्हणत. तो साधारण 1810 चा, म्हणजे राघोजींहून पाचेक वर्षांनी लहान. त्याच्या लोकांनी 1851 च्या दोन तहांत सुमारे 2 कोटी 40 लाख एकर जमीन सरकारला दिली आणि नदीकाठची चिंचोळी पट्टी स्वतःकडे ठेवली. मोबदल्यात वर्षासन मिळायचं होतं. पण तहाच्याच वेळी व्यापाऱ्यांनी आणखी एका कागदावर सरदारांच्या निशाण्या घेतल्या: जमातीकडे आमची उधारी आहे, ती परस्पर वळती करून घ्यावी. तहाच्या पैशांतला मोठा वाटा असा दुकानदारांच्या खिशात गेला. 1858 मध्ये ताओयाते दुता वॉशिंग्टनला गेला आणि पट्टीचा उत्तरेकडचा अर्धा भागही घालवून परत आला.

1862 च्या उन्हाळ्यात यादवी युद्धामुळे वर्षासन थकलं. गोदामात धान्य होतं, पण पैसे येईपर्यंत उधार द्यायला दुकानदार तयार नव्हते. त्यांच्यातला अँड्र्यू मायरिक म्हणाला, भूक लागली असेल तर गवत खा. ऑगस्टमध्ये चार तरुण डकोटांनी पाच वसाहतवाल्यांना ठार केलं आणि त्या रात्री जमातीतली माणसं ताओयाते दुताच्या दारात आली: आता तू पुढे हो. गोऱ्यांची संख्या आणि ताकद तो वॉशिंग्टनला पाहून आला होता. आपण यात संपणार हे त्याने त्यांना सांगितलं, आणि तरीही तो पुढे झाला. दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्यात मायरिक मारला गेला; त्याचं प्रेत सापडलं तेव्हा तोंडात गवत कोंबलेलं होतं.

अकोले आणि मिनेसोटा यांच्यात हजारो मैलांचं अंतर, पण दोन्हीकडे बंडाचा पहिला घाव वही बाळगणाऱ्या माणसावर पडला. राघोजींच्या माणसांनी 1844-45 मध्ये सावकारांची घरं लुटली, कागद जाळले आणि काहींचे नाक-कानही कापले. राघोजींचा ठावठिकाणा काढण्यासाठी पोलिसांनी त्यांच्या आईचा छळ केला, त्याचा हा सूड होता, असं लोकपरंपरा सांगते. तसं असेलही. तरीही नाक कापलेला तो वाणी, दूर मारवाडातून किंवा गुजरातेतून येऊन डोंगरात दुकान मांडलेला, तोही रक्तामांसाचा माणूस होता, आणि मिनेसोटात मेलेल्या शेकडो वसाहतवाल्यांत बायका-मुलं होती. राघोजींवरच्या आपल्याकडच्या लेखनात ही नाकं एक तर गाळलेली असतात, नाही तर शौर्य म्हणून सांगितलेली. मला दोन्ही पटत नाही. कायद्याने ज्यांना पिळलं त्यांनी कायदा चालवणाऱ्या साहेबाऐवजी हाताशी सापडणाऱ्या दुकानदाराला गाठलं. त्यात क्रौर्य होतं आणि त्याला कारणही होतं.

उठाव घाटावर आणि घाटाखाली पसरला. एका चकमकीत राघोजींच्या टोळीने पोलिसांचा अधिकारी आणि दहा शिपाई मारले. त्यानंतर पलटणी आल्या, नाके बसले, डोक्यावर बक्षीस लागलं. ऑगस्ट 1845 मध्ये उठावातले त्यांचे साथीदार बापू भांगरे पकडले गेले. राघोजी मात्र आणखी दोन वर्षांहून जास्त काळ हाती लागले नाहीत. गावं त्यांना भाकरी देत होती आणि पोलिसांना काही सांगत नव्हती, याहून वेगळा अर्थ त्या दोन वर्षांचा लागत नाही. 1846 मध्ये प्रकृती बिघडून आर्थर विलायतेला परतला. देवगावचा नाईक तेव्हा मोकळाच होता.

2 जानेवारी 1848 रोजी पंढरपुरात लेफ्टनंट गेलने त्यांना पकडलं. यात्रेकरूच्या वेशात ते तिथे होते. ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात आणून त्यांच्यावर खटला चालवला. फास नको, तलवारीने किंवा बंदुकीने मारा, असं त्यांनी मागितल्याचं सांगतात. 2 मे 1848 रोजी त्यांना त्याच तुरुंगात फाशी दिलं गेलं. वय 42. गॅझेटियरमध्ये त्यांचं नाव 'राघो भांगरिया' असं येतं आणि त्यांची नोंद दरोडेखोरांत आहे.

ताओयाते दुताचा शेवट अधिक ओंगळ झाला. बंड फसल्यावर 303 डकोटांना मृत्युदंड सुनावला गेला. अध्यक्ष लिंकन यांनी कागद तपासून बहुतेकांची शिक्षा रद्द केली, तरी 26 डिसेंबर 1862 रोजी मँकॅटो गावात 38 जणांना एकाच वेळी फाशी दिली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवशी इतक्यांना सरकारी फाशी कधीच झालेली नाही. ताओयाते दुता स्वतः निसटला होता. 3 जुलै 1863 रोजी मुलाबरोबर रानात रासबेरी तोडत असताना एका वसाहतवाल्याने त्याला गोळी घातली, आणि कुणाला मारलं हे नंतर कळल्यावर सरकारने त्या माणसाला 500 डॉलर बक्षीस दिलं. सरदाराची टाळूची कातडी आणि हाडं मिनेसोटाच्या इतिहास संस्थेने प्रदर्शनात मांडली. 1915 मध्ये ती काचेमागून हलवली आणि 1971 मध्ये त्याच्या वंशजांनी ती साउथ डकोटात पुरली.

राघोजींना फासावर देऊन दहा वर्षंही झाली नव्हती, तोच कंपनीला त्यांच्याच लोकांची गरज पडली. 1857 च्या धामधुमीत लेफ्टनंट नटालने महादेव कोळ्यांची पलटण उभारली. गडद हिरवे फेटे, गडद हिरवे अंगरखे, कमरेला रक्ताच्या रंगाचं वस्त्र. तंबू नाही, सामानाची गाडी नाही, डोंगरातून सरळ चालत जाणारी माणसं. सुमारे 600 जण भरती झाले. मॅकिन्टॉशने ज्यांना हुसकावलं होतं त्यांचेच मुलगे-पुतणे यात असणार. या पलटणीने नगर-नाशिककडच्या भिल्लांच्या बंडाविरुद्ध काम केलं. त्या बंडाचे पुढारी भागोजी नाईक 1859 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरला पडले. त्यांना गाठणारा पोलीस अधिकारी फ्रँक सूटर 1864 मध्ये मुंबईचा पोलीस कमिशनर झाला आणि 1888 पर्यंत त्या खुर्चीत राहिला. डोंगरात शिकलेली पोलिसी अशी शहरात आली. काम संपल्यावर 1861 मध्ये पलटण मोडली, आणि ती माणसं पुन्हा त्याच वाण्याच्या दारात उभी राहिली.

म्हणूनच 1873 मध्ये कोळ्यांचे पुढारी होन्या भागोजी केंगले उठले तेव्हा नाकं कापण्याचं सत्र पुन्हा सुरू झालं. 1876 पर्यंत ते सरकारला सापडले नाहीत. मधल्या काळात, 12 मे 1875 रोजी, सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं काढून जाळली आणि ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत गेलं. चौकशी आयोग बसला, 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टाने नुसता कागद पाहू नये, कर्जाचा मागचा हिशेबही तपासावा, असं त्यात आलं. राघोजींच्या फाशीला तोवर 31 वर्षं झाली होती.

ठाण्यात तुरुंगाजवळच्या चौकाला आता राघोजींचं नाव आहे. प्रवरेवर 1926 मध्ये पुरं झालेल्या भंडारदरा धरणाचा जलाशय साहेबाच्या वेळी 'आर्थर लेक' म्हणून ओळखला जाई. तो आर्थर दुसरा, इंजिनियर आर्थर हिल. त्या जलाशयालाही आता राघोजी भांगरे जलाशय म्हणतात. नावं बदलली याचा मला आनंद आहे. पण नाव वाचणाऱ्याला माणूस कळण्याची सोय आपण केलेली नाही. पुतळ्याखालच्या चार ओळींत तलवार असते, फाशी असते. कापलेला पगार, दीड मणाची नाचणी, कोर्टाचा हुकूमनामा नसतो. लढा कशासाठी होता हेच त्या चार ओळींतून कळत नाही.

मुंबई सरकारने 1957 मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड काढला. 1818 ते 1885 या काळातले कोळी, रामोशी, भिल्लांच्या उठावांविषयीचे सरकारी कागद त्यात आहेत, ते इंग्रजीत. त्यामागचे न्यायखात्याचे मूळ खंड काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. राजूर किंवा देवगावहून एखादी मुलगी मुंबईला शिकायला आली आणि आपल्या गावचा नाईक का उठला हे तिला मराठीत वाचावंसं वाटलं, तर तिच्या हाती आज मूळ कागद द्यायची सोय नसते, सांगोवांगीच मिळते. विद्यापीठाच्या इतिहास विभागाने, राज्याच्या आदिवासी विभागाने आणि पुराभिलेखागाराने मिळून 1844 ते 1848 या पाच वर्षांचे कागद टिपांसह मराठीत छापावेत. त्यात साहेबांची पत्रं असावीत, सावकारांनी नुकसानीबद्दल केलेले अर्ज असावेत, आणि पकडलेल्यांचे जबाब टिकून असतील तर ते सगळ्यांत आधी.